सिंहासह काव्यगायन

कविता जितक्या लांबून येते तितकी ती समजण्याची जबाबदारी कमी होते, हा रसिकतेचा मूळ नियम आहे. हिंगोलीच्या आमच्या ज्ञानवर्धक मंडळाने तो फार पूर्वीच ओळखला. मंडळाचे सभासद सतरा. पैकी कविता वाचणारे दोन, आणि अध्यक्ष व्हायला तयार असलेले सतरा.

यंदा, सन १९३७ साली, मंडळाने 'आफ्रिकेतील कवयित्रींचे काव्यगायन' करायचे ठरवले. कारण भक्कम होते. इथल्या कुठल्याही विषयावर चार माणसे जमवायची तर सरकारी परवानगी लागते, आणि ती मिळत नाही. आफ्रिका मात्र सरकारच्या हद्दीत येत नसल्यामुळे तिच्याविषयी कोणी काहीही बोलले तरी कोणाचा अपमान होत नाही. परवानगी त्याच दिवशी आली.

राहिल्या कवयित्री. त्याही गावातल्या जुन्या लष्करी छावणीच्या मागेच सापडल्या: जैनबबी आणि तिची भाची नजमा. जैनबबीचा आजा हबशी. पलटणीच्या घोड्यांबरोबर इकडे आला आणि इथेच राहिला. तिने स्वतः पाहिलेला सर्वांत दूरचा मुलूख म्हणजे डोंगरकडा, हे जवळचेच गाव. पण केस कुरळे होते, आणि मंडळाला तेवढा पुरावा पुरला.

बैठक आमच्याच घरी झाली (आमचे हे चिटणीस, चहा माझ्याकडे). वकील माणिकरावांनी जैनबबीला कविता म्हणायला सांगितली. तिने म्हटली:

कयाधूच्या वाळूमंदी
घर बांधतो नासेर;
सांज झाली, भाकर निवली,
आता तरी घरी ये रं.

हा तिचा मुलगा. पाच वर्षांचा होऊन मागच्या उन्हाळ्यात तापानं गेला. मी मांडीवरचं लेकरू उगीचच जरा जवळ ओढलं.

"छान आहे," माणिकराव म्हणाले. "पण बाई, यात आफ्रिका कुठाय?"

"मला काय ठावं, साहेब? पोरगं हितलंच व्हतं."

"एखादा सिंह तरी घाला."

"सिंव्ह म्या पाह्यला न्हाई. कोल्हा पाह्यला हाये. चालंल का?"

कोल्हा आफ्रिकन वाटत नाही, असे सर्वानुमते ठरले.

मग मंडळाने सुधारणा केल्या. कयाधूच्या जागी 'एक प्रचंड नदी' (नाव नकाशात पाहून घालावे). भाकरीच्या जागी शिकार. नजमाच्या कवितेत सासू होती, तिच्या जागी मगर घालण्यात आली. (या एकाच सुधारणेला कवयित्रीने हरकत घेतली नाही.) आणि मुलाच्या नावाच्या जागी 'सिंहाचा छावा'.

तिथे जैनबबी उठून उभी राहिली. "बाकी काय बी करा, वकीलसाहेब. नाव तेवढं ऱ्हाऊ द्या. चार मान्सांत त्याचं नाव निघंल, म्हून तर येऊन राहिले मी."

"पाहू, बाई, पाहू," माणिकराव म्हणाले. 'पाहू' हा मंडळाचा सर्वांत जुना ठराव आहे. तो आजवर एकदाही नामंजूर झालेला नाही.

(इथे लेकरू उठलं. पुढचं दुसऱ्या दुपारी लिहिते आहे.)

कार्यक्रमाला शिरड शहापूर, पुसेगावहून गाड्या जुंपून लोक आले. बायकांचा आवाज परपुरुषांच्या कानी पडू नये म्हणून कवयित्रींना आमच्याबरोबर पडद्यामागे बसवले, आणि त्यांच्या कविता माणिकरावांनी म्हटल्या. त्यांचा आवाज भरदार आहे. शिवाय ते एकदा मुंबईला जाऊन समुद्र पाहून आले आहेत, त्यामुळे आफ्रिका त्यांना इतरांपेक्षा जवळची.

मगरीला टाळ्या पडल्या. प्रचंड नदीकाठी सिंहाचा छावा गरजला तेव्हा तर मंडप दणाणला. पुसेगावचे दगडोबा पाटील उठून ओरडले, "वकीलसाब, सिंव्ह अजून एकडाव येऊ द्या!" सिंह पुन्हा आला. गरजला.

पडद्याआड जैनबबी कान देऊन बसली होती. टाळ्या जरा कमी झाल्यावर तिनं मला हळूच विचारलं, "ताई, त्याचं नाव कवा यील?"

तेवढ्यात गर्जनेनं दचकलेलं माझं लेकरू रडायला लागलं. तिनं ते उचललं, खांद्यावर घेतलं आणि आपल्या मूळच्या चार ओळी म्हटल्या, नावासकट. लेकरू शांत झालं. माझ्या सासूबाई सहसा कोणाशी मऊ बोलत नाहीत. त्या सरकून जवळ आल्या.

"निवलेली भाकर खायचा का गं त्यो?"

"न्हाई ना, माय. गरमच लागायची त्याला."

नजमानं तोंडाला ओढणी लावली. पडद्यापलीकडून माणिकराव ओरडले, "बायकांनो, गप बसा! इथं कविता चालू आहे!"

कार्यक्रम पूर्ण यशस्वी झाल्याचे मंडळाने कळवले आहे. पुढल्या वर्षी पिंजऱ्यासह एखादा खरा सिंह मिळतो का, हे पाहण्यासाठी उपसमिती नेमली आहे. (कवयित्री नेमलेल्या नाहीत, त्या नंतर पाहू.)

वाचकहो, तुम्ही काही मंडळासारखे नाही, हे मी जाणते. तुम्ही फक्त मथळ्यात सिंह पाहिलात आणि वाचायला बसलात, एवढंच. म्हणून तुम्हाला एक साधी गोष्ट विचारते. वर न बघता सांगा: जैनबबीच्या पोराचं नाव काय होतं?