एकजुटीची बादली

मावशींनी एक खुर्ची मागितली आणि शाळेचं स्वास्थ्य बिघडलं.

मावशी शाळेच्या सफाईला होत्या. तीन मजले, दोन जिने आणि दोन गुडघे, त्यातला डावा कामातून गेलेला. एकवीस वर्षं त्या जिन्याखाली निळी बादली उपडी घालून तिच्यावर बसून डबा खात होत्या. नेमकं त्याच सुमारास बिशपांच्या कचेरीतून पत्र आलं, की कॅथलिक सामाजिक शिकवण शाळेत कशी अमलात येते ते पाहायला शुक्रवारी एक फादर येतील. हेडसरांना सगळ्या शाळांवरचा हेडसर व्हायचं होतं. त्यांनी ताबडतोब शिकवण अमलात आणली, म्हणजे फलक लावले. जिन्याखालच्या भिंतीवर आला, 'कष्टकऱ्याच्या प्रतिष्ठेत देवाची प्रतिमा दिसते.' तो चिकटवायला स्टुलावर मावशीच चढल्या.

"चिकटवता चिकटवता वाचलं मी ते," मावशी हेडसरांना म्हणाल्या. "तेवढं डबा खायला एक खुर्ची द्या मला. बादलीवरून उठताना गुडघा रडवतो."

"मावशी, हा धोरणाचा प्रश्न आहे," हेडसर म्हणाले आणि त्यांनी समिती नेमली.

कष्टप्रतिष्ठा समितीत नऊ जण होते. ते नऊ गादीच्या खुर्च्यांवर बसले आणि मावशींनी उभ्यानं त्यांना चहा दिला.

"यांना दिली की शिपाईदादा मागेल," गणिताच्या बाई म्हणाल्या. "मग माळी मागेल."

"मग बसू देत की," ड्रॉइंगचे सर म्हणाले. ते नवीन होते.

"ते दान होईल," हेडसर म्हणाले. "आपली शिकवण दानावर थांबत नाही, न्याय मागते. एका खुर्चीनं कुठं न्याय होतो का?"

"दोन द्या मग," मावशी कपबश्या गोळा करत म्हणाल्या.

भूगोलाच्या सरांना सगळी पोरं मुद्देसूद म्हणायची. ते उठले. "अडचण अशी, की त्या उभ्या आणि आपण बसलेले, हे फादरना खुपणार. उपाय दोन. एक, त्यांना बसवा. दोन, आपणही उभं राहा." दुसरा उपाय एकमतानं मंजूर झाला, कारण त्याला नाव होतं. एकजूट. शुक्रवारी शाळेत कोणीही बसायचं नाही, आणि मोह नको म्हणून झाडून साऱ्या खुर्च्या आणि बाकं तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये कुलूपबंद करायची.

ती वर नेली मावशींनी आणि शिपाईदादानं.

"दादा, एकजूट म्हणजे रे काय?" बाविसावं बाक उचलताना मावशींनी विचारलं.

"ते ठरवतात, आपण उचलतो," शिपाईदादा धापा टाकत म्हणाला.

गुरुवारी रंगीत तालीम झाली. दिवसभर उभं राहून गणिताच्या बाईंचे पाय असे सुजले, की घरी जाताना चपला हातात घ्याव्या लागल्या. शुक्रवारी त्यांनी रजा टाकली. हॉलची किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती.

फादर आले. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी. मानवी प्रतिष्ठेवर पाच भाषणं होती. हेडसरांचं भाषण एवढं लांबलं, की मैदानात उभी असलेली पहिलीतली पोरं दुसरीत गेली म्हणतात. शेवटी फादरच मध्ये बोलले.

"जरा बसायला मिळेल का?"

"आज इथे कोणीच बसत नाही, फादर," हेडसर अभिमानानं म्हणाले. "आमच्या सफाईच्या मावशींना खुर्ची नाही ना, म्हणून."

फादर काठीवर रेलले. "मग त्यांना खुर्ची का नाही दिली?"

"ते पुढच्या टप्प्यात आहे."

फादर वळले. काठी टेकत टेकत जिन्याकडे निघाले. जिन्याखाली मावशींनी नुकताच डबा उघडला होता. त्या भिंतीला धरून उठल्या.

"बसा, फादर. हिला पाठ नाहीये, जपून."

फादर बादलीवर बसले. बाहेर यादीत नसलेलं सहावं भाषण सुरू झालं.

"कुठला दुखतो?" त्यांनी विचारलं.

"डावा."

"माझे दोन्ही," फादर म्हणाले. मग अर्धा तास ते गुडघ्यांविषयीच बोलत होते आणि मावशींच्या डब्यातला अर्धा वाटा त्यांनी मागून खाल्ला.

आठ दिवसांनी अहवाल आला. त्यात एकच ओळ होती. 'या शाळेत कॅथलिक सामाजिक शिकवण मला एकाच जागी दिसली, जिन्याखालच्या बादलीवर.' फादरनी ती पाय दुखत असताना लिहिली असावी. पण टोमणा कळायला समोर शहाणा माणूस लागतो, आणि समोर होते हेडसर. ते हर्षानं लाल झाले. बादली काचेच्या पेटीत ठेवायची, पेटी जिन्याखालीच बसवायची, वर पितळी पाटी लावायची असं ठरलं. मावशींना खुर्ची मिळायची राहिली होतीच, आता बादलीही गेली. शिवाय काच रोज पुसायचं काम त्यांच्याकडे आलं.

सुतारदादा पेटीचं माप विचारायला गेला तेव्हा हेडसर उद्घाटनाचं भाषण लिहीत होते. "असले बारीक निर्णय खालच्या पातळीवरच घ्यायचे असतात," ते मान वर न करता म्हणाले. "तेही आपल्या शिकवणीतच आहे. मावशींना विचार."

सुतारदादा जिन्याखाली आला. "किती उंच करू, मावशी?"

मावशींनी गुडघ्याच्या जरा वर हात लावला. "इथपर्यंत. काच नुसती पुढून. मागून भिंतीला टेकव."

"आणि वरची फळी?"

"जाड घाल. रंधा नीट मार, टोचणारी कूस राहायला नको."

सुतारदादानं एकदा गुडघ्याकडं पाहिलं, एकदा मावशींकडं. "वर काय ठेवणार आहात?"

"एकवीस वर्षांचा थकवा," मावशी म्हणाल्या. त्यानं दुप्पट जाडीची फळी घातली आणि आपल्या मनानं कडा गोल केल्या.

उद्घाटनाला फीत कापली, टाळ्या झाल्या, भाषण झालं. मधल्या सुट्टीची घंटा वाजली. हेडसर पाहुण्यांना पुन्हा एकदा बादली दाखवायला घेऊन आले, तर मावशी पेटीवर बसलेल्या. भिंतीला पाठ टेकलेली, डावा पाय सरळ पुढं, मांडीवर डबा, आणि डोक्यावर बरोबर 'देवाची प्रतिमा दिसते' म्हणणारा तो फलक.

"मावशी, उठा," हेडसर दबक्या आवाजात म्हणाले. "हे स्मारक आहे. यावर बसायचं नसतं."

"स्मारक काचेच्या आत आहे, सर," मावशी म्हणाल्या. "मी लाकडावर बसलेय." आणि पाहुण्यांना बादली नीट दिसावी म्हणून त्यांनी पाय जरा बाजूला घेतला.