नंदकुमारपंतांस बेसबॉलास नेल्याची हकीकत

श्रीकुलदेवता प्रसन्न. शके एकोणीसशे एकोणचाळीस, हेमलंबी नाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी, शनिवारी, मुक्काम नॉर्थ यॉर्क, प्रांत ओंटारियो, येथे जी मोहीम जाहली तीत रक्त सांडले नाही, तिखट सॉस मात्र बहुत सांडला, आणि ऐशा मोहिमेची हकीकत कोणी लिहून ठेवीत नाही म्हणोन आम्ही ठेवितो.

पूर्वपीठिका ऐसी. राजश्री नंदकुमारपंत, निवृत्त इंजिनियर, कॉन्डोचे अधिपती, सोफाबहाद्दर, रिमोटनशीन, यांचे कुटुंब सौभाग्यवती वनिताबाई. बाई सोशीक ऐसा लौकिक होता. तो पंतांनीच पसरविला होता. त्याच मजल्यावर ओकहीबाई पार्क या कोरियन बाई राहत, आणि त्यांचा भाचा मिन्हो कोरियन मंडळींच्या बेसबॉल संघात खेळे, आणि त्याच्या कुमकेस म्हणोन वनिताबाई दोन उन्हाळे दर शनिवारी मैदानावर जात, आणि कोरियन रिवाजाप्रमाणे उभ्या राहोन, टाळ्या पिटोन, मनसोक्त ओरडत. घरी पंतांची वामकुक्षी मोडेल म्हणोन दुपारी मिक्सरही न लावणाऱ्या बाईंस पृथ्वीवर ओरडावयास तेवढीच जागा होती.

तो पंत निवृत्त जाहले, आणि शनिवारी गरम पोळी कोण वाढणार हा राज्यापुढे मोठा पेच पडला. मग पंतांचे फर्मान सुटले की, यापुढे शनिवारी उभयतांनी व्हिटबीस बंधू दीनानाथपंतांकडे जावे, आणि त्यांच्या बेसमेंटात बसोन अलास्काच्या क्रूझचे फोटो पाहावे. बाईंनी ते फोटो पूर्वी पाहिले होते. हिमनग तेच होते.

तेव्हां बाईंनी ओकहीबाईंशी मसलत करोन तह मांडिला की, एक वेळ पंतांनी जातीने सामना पाहावा. रुचला तर शनिवार मैदानाचा, न रुचला तर व्हिटबीचा, आणि मग बाईंनी त्या विषयाचा पुनश्च उच्चार करू नये.

"अगं, बेसबॉल म्हणजे विटीदांडूच," पंत वदले. "तो बघायला सातासमुद्रापार यायची गरज नव्हती."

"आता आलोच आहोत तर बघून घ्या," बाई म्हणाल्या, आणि तहावर उभयपक्षी मान्यता जाहली.

मग शनिवारी खाशांची स्वारी निघाली. बरोबर घडीची खुर्ची, पाठीची उशी, चहाचा थर्मास, छत्री, ॲसिडिटीच्या गोळ्या आणि जाड जॅकेट ऐसा सरंजाम होता. कॅनडाच्या उन्हाळ्याचा पंतांस इतक्या वर्षांत भरवसा आला नव्हता. मैदानी पोहोचताच ओकहीबाईंनी रिवाज समजाविला की, आपला गडी फलंदाजीस आला की सर्वांनी उठोन त्याच्या नावाचे गाणे म्हणावे, आणि शत्रूची पाळी आली की खाली बसोन तिखट सॉसात बुडविलेली तळलेली कोंबडी खावी. दुसरे कलम पंतांस तत्काळ पटले.

परंतु घात जाहला. शत्रूच्या एका धिप्पाड गड्याने चेंडू कुंपणापार धाडिला, आणि क्रिकेटच्या सभ्यपणात वाढलेले पंत कोंबडी खाली ठेवून एकटेच उठले, आणि "वा, काय शॉट आहे!" म्हणोन टाळ्या वाजवू लागले. ओकहीबाईंनी पंतांपुढील चिकनचा डबा उचलोन आपल्या मांडीवर घेतला.

"अहो, ते आपले नाहीत," बाई कोपर मारून कुजबुजल्या.

"चांगल्याला चांगलं म्हणायला आपलं-परकं कशाला?" पंत म्हणाले, आणि रुसोन खुर्चीत बसले, आणि फोन काढोन म्हणाले, "दीनानाथला कळवून टाकतो, पुढच्या शनिवारी आलोच."

इतक्यात मिन्हो फलंदाजीस आला, आणि गाणे थांबले, नुसता ढोल वाजत राहिला.

"याला गाणं का नाही?" पंतांचे बोट फोनवर तसेच राहिले.

"नोबडी मेड वन," बाईंनी तर्जुमा करिताच ओकहीबाई खिन्नपणे म्हणाल्या. मिन्हो आजवर कधी धावेच्या चार तळांपैकी पहिल्या तळापर्यंतही पोहोचला नव्हता, सबब त्याच्यावर कवने करण्याचे कोणी मनावर घेतले नव्हते.

येथे नमूद करणे प्राप्त आहे की, टोरांटोच्या मराठी मंडळातील एकही लग्न पंतांच्या स्वरचित मंगलाष्टकावाचून पार पडले नव्हते, आणि ते रचण्यास त्यांस कोणी कधी सांगितले नव्हते. पंत दिसले की यजमान माईक लपवीत. ऐशा पुरुषापुढे एक नाव गाण्यावाचून उघडे पडले होते. वनिताबाईंनी हे आधीच हेरोन ठेविले होते की काय, याचा पुरावा आम्हांजवळ नाही. त्या समयी त्या आपली नखे पाहत होत्या.

पंत उठले, खाकरले, आणि मंगल कार्यालयाच्या खड्या सुरात गर्जले:

आला पार्क बघा, पुढे सरकला, मिन्हो धरी दांडके,
चेंडू येइल तो नभी उडवु दे, कुर्यात् सदा मंगलम्!

आणि "सावधान" म्हणताच हात सवयीने मोकळा जाहला, आणि शेजारच्या पिशवीतील कुरमुऱ्यांची मूठ पुढील रांगेच्या मस्तकी अक्षता होऊन पडली.

बाईंनी डोळे मिटले. परंतु कोरियन मंडळींस वाटले की, हाही एक रिवाजच असेल. आणि रिवाज म्हटला की ती मंडळी मागे राहत नाहीत. मग ढोलाने ठेका धरिला, साऱ्या गोटाने "सावदान" ऐसा गजर केला, कुरमुरे उधळिले, आणि त्या गजरात वनिताबाईंचा आवाज सर्वांवर चढला. शत्रूचा गोलंदाज भांबावला, लागोपाठ चार चेंडू भलतीकडे गेले, आणि त्या खेळाच्या कायद्याने मिन्होस पहिला तळ फुकट मिळाला. पंतांनी शतक ठोकल्यासारखे दोन्ही हात वर केले. ओकहीबाईंनी डबा परत केला.

सामना संघाने सपशेल गमाविला. ते कोणाच्या ध्यानी आले नाही. पंतांनी रणांगणावरूनच व्हिटबीस फोन लाविला.

"दीनानाथ, शनिवारचं आता जमायचं नाही. बाकीच्यांची गाणी आहेत, पण एकही वृत्तात नाही. सगळी नवी करावी लागतील."

दीनानाथपंतांनी आग्रह केला नाही. उलट त्यांच्या मागोन वहिनींचे "सुटलो बाई" ऐसे उद्गार स्पष्ट ऐकू आले.

येणेप्रमाणे व्हिटबीचा दावा खारीज जाहला, बाईंचे शनिवार वंशपरंपरा कायम जाहले, आणि फत्ते दफ्तरी दाखल केली असे. विजयाविषयी खुद्द वनिताबाईंचे म्हणणे घ्यावयास आम्ही दुसरे दिवशी गेलो होतो, परंतु त्यांचा घसा पार बसला होता, आणि त्या नुसत्याच हसत होत्या.