समुद्रापासून लांबचं रक्त

लग्नाच्या पंगतीत पानात मीठ वाढलं, की आमचे शेजारी रेवणप्पा खिशातून एक बारकी बाटली काढतात आणि मिठावर थेंब टाकतात. मीठ जांभळं झालं तर त्यात आयोडीन आहे. मग ते हात वर करून सांगतात, "झालं! वाढा आता." मागे एकदा मीठ पांढरंच राहिलं. नवरीचे वडील घाबरून धावत आले. "काय पडलं ओ त्यात?"

"काहीच पडलं न्हाय, हीच तर तक्रार हाय की!"

रेवणप्पा सरकारी दवाखान्यात लोकांचं रक्त तपासायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजून माणूस भेटला की आधी त्याच्या रक्ताचा विचार करतात. "जपानी माणूस समुद्रातलं शेवाळ खातोय. रक्त आयोडीननं गच्च! कोकणातला मासे खातोय, त्याचंबी बरं हाय. आपण सोलापूरकर खाणार कडक भाकरी आणि शेंगाचटणी. रक्तात काय दिसणार, बाई? अन् आयोडीनशिवाय डोकं चालतंय का?" मी शाळेत शिकवायचे, म्हणून मला बाई म्हणतात.

नळाला पाणी उशिरा आलं, तरी पाणी सोडणाऱ्याचं आयोडीन कमी. मुलांनो, तुम्हा नातवंडांचे मार्क मी कौतुकानं सांगितले, तर रेवणप्पांनी विचारलं, "नातवंडं समुद्राजवळ राहतात का?"

"हो."

"मग त्यात त्यांचं काय!"

स्वतः मात्र शुद्ध शाकाहारी. मासळीबाजारावरून जायचं झालं तर नाकाला रुमाल.

त्यांची एकुलती लेक पल्लवी रत्नागिरीला दिली आहे. यंदा तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा ती सोलापूरला येणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. रेवणप्पा सोडून. एका दुपारी तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते.

"अप्पा, सातव्या महिन्यात येते मी."

"नको गं. पोटातल्या बाळाच्या मेंदूला आयोडीन लागतंय. तितंच रहा. मासे खा."

"तुम्ही? मला? मासे खा म्हणताय?"

"मी बघायला हाय का तितं? खा."

तिनं फोन आपटला. मला राहवेना.

"रेवणप्पा, मीठ तिथंही तेच, इथंही तेच. तुमच्या डब्यातलं मीठ काल जांभळं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय."

"हवेत फरक असतोय की."

"हवेनं रक्तातलं आयोडीन वाढतं?"

ते टेबलावरचं कापड सरळ करू लागले.

"लेक बाळंतपणाला आईकडं येती, बाई. हितं आईच न्हाय. मला बाळाला न्हाऊ घालता येत न्हाय. कुटं काय दुखलं तर ती मला सांगणारबी न्हाय. तितं सासू तरी हाय."

"न्हाऊ मी घालीन," मी म्हटलं. "डिंकाचे लाडूही मीच करीन. तुम्ही फक्त फोन लावा."

लावला. "ये," म्हणाले. आणि वर, "मासे मिळणार न्हाईत, आधीच सांगतो." पलीकडून पल्लवीचं हसू मलाही ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. हातात बायकोच्या चार इरकली साड्या. ती गेल्यापासून आठ वर्षं दर दिवाळीआधी ते त्या उन्हात घालायचे आणि पुन्हा घडी करून ठेवायचे. कुणाला हात लावू देत नसत.

"बाळाच्या दुपट्यांना मऊ कापड लागतंय म्हणं. या धुऊन धुऊन लई मऊ झाल्यात."

मी कात्री आणली.

"तुमीच कापा," म्हणाले आणि पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. एक साडी झाली. दुसरी मी उलगडत होते, तेवढ्यात मागे न बघताच त्यांनी विचारलं, "काठ राहू दिलाय न्हवं, बाई? तिला काठ लई आवडायचा."