फवारणीच्या वहीतली एक नोंद

निफाडच्या शिवारात वाल्मीकरावांसारखा रोगाचा जाणकार नव्हता! द्राक्षाचं पान नुसतं उन्हात धरलं की सांगत, "भुरी हाय. अन् तू चार दिवस उशीर केला." वर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, "औषध रोग यायच्या आधी पायजे!"

त्याच वाल्मीकरावांना लघवीला आग होऊ लागली, तेव्हा त्यांनी स्वतःच निदान केलं: उष्णता! आठ दिवस सब्जा पीत, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन हिंडले. शेवटी पू दिसला, तेव्हा ओळखीचं कुत्रंही भेटणार नाही असा नाशिकच्या पार दुसऱ्या टोकाचा दवाखाना गाठला.

डॉक्टर शुभांगीबाई तपासून म्हणाल्या, "हा संबंधातून लागणारा आजार. बरा होतो. पण पत्नीलाही आणा."

"तिला काय बी नाय झालं!"

"बायकांना बरेचदा काही जाणवतच नाही."

वाल्मीकरावांनी गोळ्या फवारणीच्या डब्यांमागं दडवल्या. जागा झकास! फक्त त्या खोलीतल्या डब्याडब्याची नोंद त्यांच्या पत्नी लंकाबाई ठेवायच्या. संध्याकाळी त्या पाकीट घेऊनच उभ्या.

"हे कोणत्या रोगाचं?"

उष्णता चालली नाही. मागं द्राक्षं घेऊन वाशीच्या मार्केटला गेले, त्या रात्रीच्या मुक्कामाचं सगळं बाहेर आलं. लंकाबाईंनी पाकीट त्यांच्यापुढं आपटलं. मग म्हणाल्या, "एका ओळीला भुरी आली, शेजारची हिरवीगार दिसली, तर काय करता?"

"दोन्ही... फवारतो."

"मंग मला कधी सांगणार होता? घड सडल्यावर?"

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला पुढं घालून त्या दवाखान्यात! दोघांचं रक्त तपासून घेतलं, औषध घेतलं, आणि प्रश्न असे विचारले की डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढं ओढली. घरी येऊन सगळं वहीत उतरवलं. नोंदीशिवाय औषध वापरणं त्यांना पाप वाटे आणि घरात वही एकच, फवारणीची!

महिन्याभरानं निर्यातवाल्या कंपनीचा शेखर ती वही तपासायला आला. वाल्मीकरावांनी चार बागायतदारांसमोर छाती फुगवून पुढं केली.

"मोठ्यानं वाच! असली वही तालुक्यात नाय!"

शेखर वाचत गेला. "प्लॉट: आम्ही दोघं. औषध: दोघांनीही, पूर्ण. प्रवेश बंद: सात दिवस. पुढं बचावाला: निरोध. शेरा: वाशीचा जाब बाकी."

 वाल्मीकराव टॉवेलात तोंड खुपसून बसले. शेखरनं हळूच वही मिटली आणि लंकाबाईंजवळ सरकला.

"काकू... तो दवाखाना कुठं आहे?"

"सांगते. पण बायकोला बरोबर न्यायचं!"

मागं दोन बागायतदारांनी गुपचूप मोबाइल काढून पत्ता टिपला.

आता गल्लीतले लोक पानं घेऊन लंकाबाईंकडंच येतात. सात दिवस तर केव्हाच सरले. शेऱ्याचा रकाना मात्र वाल्मीकरावांना अजून खोडू दिलेला नाही!