पलीकडच्या फुटपाथवरचं सूप

कोणताही देश समजून घ्यायला चार दिवस पुरतात. पाचव्या दिवशी शंका येऊ लागतात, म्हणून कंपन्या चौथ्या रात्रीच माणसाला परतीच्या विमानात बसवतात. (हा नियम मीच बसवलेला असल्यामुळे तो चुकीचा असण्याची शक्यता आहे. व्हिएतनामवर मी बरीच पुस्तकं वाचली आहेत, पण त्याने माझ्या शंकाच तेवढ्या वाढल्या.)

अमेरिकेतल्या चँडलरच्या आमच्या मराठी मंडळाचे सभासद यतीन कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. कंपनीने त्यांना हो ची मिन्ह सिटीतला नवा कारखाना पाहायला चार दिवस पाठवलं. ते परतताच मंडळाने त्यांचं व्याख्यान ठेवलं आणि अहवाल लिहायचं काम माझ्याकडे दिलं. मी सभेत कधी बोलत नाही, एवढीच माझी त्यासाठीची पात्रता.

व्याख्यानाला एक कौटुंबिक बाजूही होती. कंपनीला यतीनना दोन वर्षांसाठी तिकडे नेमायचं होतं आणि उत्तर सोमवारी द्यायचं होतं. होकार दिला, तर त्यांच्या पत्नी रेणू यांना इथली चांगली चाललेली नोकरी सोडावी लागणार, मुलगी अनिकाची शाळा बदलावी लागणार. रेणू घरी काही विचारायला गेल्या, की यतीन म्हणत, "शनिवारी लेक्चरमध्ये सगळं कव्हर केलंय." म्हणून त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

व्याख्यान अभ्यासपूर्ण झालं. त्यातून असं समजलं, की त्या शहरात स्कूटर फार आहेत आणि एका स्कूटरवर एक कुटुंब किंवा एक फ्रिज मावतो. लोक सकाळी फुटपाथवर बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून 'फो' नावाचं शेवयांचं सूप पितात. ते चांगलं असावं, कारण रोज तीच माणसं दिसतात. व्हिएतनामी अन्न पोटाला हलकं असतं. (हे मत यतीन यांनी हॉटेलच्या खोलीत, इथून नेलेल्या पाकिटातला उपमा खाऊन बनवलं. पाणी मात्र तिथलंच होतं.)

सर्वांत गाजला तो रस्ता ओलांडण्याचा भाग.

"ट्रॅफिक थांबतच नाही," यतीन म्हणाले. "आपणही थांबायचं नाही, पळायचं नाही. एका स्पीडने चालत राहायचं. स्कूटर आपोआप बाजूने निघून जातात. ट्रस्ट करायचा, बस."

अध्यक्ष प्रल्हादकाकांनी प्रात्यक्षिकाची विनंती केली. यतीन रंगमंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत संथपणे चालत गेले. टाळ्या पडल्या. चँडलरमध्ये रस्ता पायी ओलांडण्याचा प्रसंग कोणावर येत नसल्यामुळे ही माहिती सर्वांना फार उपयुक्त वाटली.

मग प्रश्नोत्तरं झाली. सुवर्णाकाकूंनी मंडळातर्फे नेहमीचा प्रश्न विचारला. "व्हेज मिळतं का रे?"

"मिळत असावं, काकू. हॉटेलमध्ये कलिंगड होतं."

नंतर रेणू उठल्या. "यतीन, सगळे फोटो वरूनच का आहेत?"

"अकराव्या मजल्यावर रूम होती. व्ह्यू छान येतो."

"त्या हिरव्या छत्रीखालच्या सूपवाल्या बाई प्रत्येक फोटोत आहेत. सूप कसं होतं त्यांचं?"

यतीन पाणी प्यायले. "ते रस्त्याच्या पलीकडे होतं ना."

"मग?"

"एकदा कॅब करून गेलो. यू-टर्न लांब होता. पोचेपर्यंत त्यांचं सूप संपलं."

सभागृहात कोणी हसलं नाही. अशा अडचणी आम्ही समजून घेतो.

"म्हणजे सोमवारी उत्तर द्यायचंय आणि आपल्याला काहीच माहीत नाही," रेणू म्हणाल्या आणि खाली बसल्या.

"असं कसं, रेणू, एवढं नॉलेज दिलं त्याने," असं म्हणून प्रल्हादकाकांनी आभार मानले.

सभागृहासमोर सहा पदरी रस्ता आहे आणि पलीकडे व्हिएतनामी सूपचं दुकान. दुकान आमच्या मंडळापेक्षा जुनं आहे. कार्यक्रमाची सांगता तिथे करावी, असा ठराव एकमताने झाला आणि सर्व सभासद आपापल्या गाडीत बसले. पलीकडे पोचायला उजवीकडे वळून पुढच्या सिग्नलला यू-टर्न घ्यावा लागतो. तिथे रांग लागली. रांगेत काहींना दूध घ्यायचं आठवलं, काही चुकून फ्रीवेला लागले.

रेणू मात्र कोपऱ्यावर गेल्या आणि खांबावरचं, पायी जाणाऱ्यांसाठीचं बटण त्यांनी दाबलं. (ते खरंच काम करतं, हे मला त्या दिवशी कळलं.)

"काका, येता का?" त्यांनी मला विचारलं.

अहवाल लिहायचाय, असं मी म्हणालो.

"रेणू, थांब, गाडी काढतो," यतीन किल्ली दाखवत म्हणाले.

"तू ये गाडीने. मी दोन सूप मागवते. तुझं गरम असताना पोचलास, तर सोमवारी हो म्हणू."

रेणू पलीकडे पोचल्या. यतीन यांनी यू-टर्नच्या रांगेकडे पाहिलं, मग किल्लीकडे पाहिलं आणि ती खिशात टाकली. पुन्हा बटण दाबून, रस्ता पूर्ण थांबलेला असताना, ते न थांबता, न पळता, एका स्पीडने पलीकडे गेले.

सोमवारी त्यांनी होकार कळवला.

सूप उत्तम होतं. सभागृहाच्या खिडकीतून वाफ स्पष्ट दिसत होती.

यतीनना व्हिएतनाम समजायला चार दिवस लागले, मला एक दुपार. तुम्हाला चार-पाच मिनिटं पुरली, तीही बसल्या जागेवरून. पुढच्या महिन्यात मंडळाला वक्ता हवा आहे. मी तुमचं नाव सुचवलं आहे.