मार्तंडरावांनी चहापत्तीवर स्वारी केली त्याची हकिकत

॥ श्री शारदा प्रसन्न. श्री खडू प्रसन्न. हजेरीपत्रक कृपाळू असो. ॥

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एका थोर महाविद्यालयाचे राज्यात, पदार्थविज्ञान प्रांताचे आचार्य राजश्री मार्तंडराव खरवंडीकर यांजवर मोठे संकट गुदरले, ते ऐसे. वरून तपासणी समितीची स्वारी निघाली, आणि प्राचार्यसाहेबांनी मार्तंडरावांस हुजूर बोलावून आज्ञा केली की, "समितीला तुमचा वर्ग रिकामा दिसला तर विषय बंद. मग परीक्षा विभागात जा आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत बसा." आणि वर्ग तर रिकामाच होता. नावनिशीस शिष्य बहुत. परंतु पुढील बाकांचा मुलूख ओसाड, आणि मागील बाकांवर जे ठाणे देऊन होते ते मोबाइलमध्ये मान घालून समाधिस्थ. मार्तंडराव फळ्याकडे तोंड करून शिकवीत, आणि फळा बिचारा सोशिक, तो ऐकून घेई, आणि घंटा होताच "काही शंका?" ऐसे पुसोन, उत्तर येण्याचे आत पिशवी उचलोन उंबरठा ओलांडीत. शंकेची त्यांस मोठी धास्ती होती, हे खरे.

मग वर्ग रंजक करणेविषयी प्राचार्यसाहेबांनी शहरातून एक प्रशिक्षणवीर आणविला. त्याने हात उंचावून सांगितले की, "सर, त्यांना एंगेज करा! बॉल फेका. ज्याच्या हातात बॉल, त्याने बोलायचं!" मार्तंडराव भोळे. दुसरे दिवशी चेंडू घेऊन रणी उतरले आणि नेम धरोन फेकिला, तो खिडकीतून पार मैदानात. मग चेंडू आणावयास एक शिष्य गेला तो परतला नाही, आणि त्याचे शोधास दोघे गेले तेही परतले नाहीत, आणि मग तिघांचे चौकशीस म्हणोन अवघी मागील फळी उठोन गेली, आणि घटकेत मैदानावर क्रिकेट सुरू जाहले. मार्तंडराव काही काळ खिडकीतून खेळ पाहत उभे राहिले. त्यांस फार वाईट वाटले. पोरे खेळत मात्र बरी होती.

मागे चारपाच कन्या उरल्या, त्यांत रेणुका टेमगिरे नामे एक. तिचा डबा संपावयाचा होता म्हणोन ती राहिली. मार्तंडरावांनी शिरस्त्याप्रमाणे पाठ उरकला की, फिरत्या वस्तूची धाव बाहेरील बाजूस असते, आणि शिरस्त्याप्रमाणे "काही शंका?" म्हणोन पाऊल उचलिले, तोच रेणुका बोलली, "सर, एक आहे."

पाऊल अधांतरी राहिले.

"फिरणारी वस्तू बाहेर जाते म्हणालात ना? मग चहा ढवळला की पत्ती कडेला जायला पाहिजे. ती तर मधोमध गोळा होते. का?"

मार्तंडरावांपाशी एक ब्रह्मास्त्र होते, ते म्हणजे "हे परीक्षेला येत नाही." या अस्त्राने आजवर कित्येक शंका गारद जाहल्या. ते त्यांनी उपसिले, परंतु सोडवेना. कारण पत्ती मध्ये येते हे त्यांनीही जन्मभर पाहिले होते, आणि चहा पिऊन पेला विसळून ठेविला होता. मग तोंडातून निघोन गेले, "मला ठाऊक नाही गं."

व्यासपीठावरून हे वाक्य त्या राज्यात पूर्वी कोणी ऐकिले नव्हते. रेणुकेने डबा खाली ठेविला. "खरंच?" म्हणाली.

"खरंच. उद्या पेले घेऊन या. बघूया."

वार्ता कॅन्टीनात गेली की, "खरवंडीकर सरांना येत नाही!" आणि दुसरे दिवशी सरांची फजिती पाहावयास क्रिकेटवीरांसह अवघे सैन्य पेले घेऊन लोटले. मग मोठी रणधुमाळी माजली. एक पक्ष म्हणे पत्ती जड म्हणोन मध्ये येते, दुसरा म्हणे हा साखरेचा प्रताप. मार्तंडरावांनी दोहोंचे खंडण करून स्वतःचे अनुमान मांडिले की, हा ऊन चहाचा गुण, तो मागील बाकांचा सरदार भैरू शेवाळे गरजला, "सर, तुमचंही चुकतंय! साधं पाणी घेतलं तरी मधेच येतेय!" पाहतात तो खरेच. मार्तंडराव हरले आणि हसले, आणि नवे पाणी मागविले.

समिती उद्या यावयाची ती, समित्यांचे रीतीप्रमाणे, आजच आली. प्राचार्यसाहेबांनी वाणिज्य शाखेचे भाडोत्री शिपाई समोसे चारून धाडिले, परंतु वर्गात बसावयास जागाच नाही, म्हणोन ते ढेकर देत माघारी गेले. समितीचे मुख्य, एक वृद्ध गृहस्थ, आत येऊन पुसते जाहले, "आज कोणता पाठ चालू आहे?" मागून प्राचार्यसाहेब डोळ्यांनी खुणावीत होते की, काहीही सांगा. मार्तंडरावांस गठ्ठे दिसू लागले, सुतळी दिसू लागली. परंतु भोवती इतकी तोंडे वाट पाहत असता खोटे बोलवेना.

"ठाऊक नाही साहेब. उत्तर अजून सापडलं नाही."

प्राचार्यसाहेबांनी दाराची चौकट धरिली. इतक्यात पेल्यात शाई सोडोन पाहत बसलेली रेणुका ओरडली, "सर, शाईचा थेंब बघा! वरचं पाणी जोरात फिरतंय, तळाचं काचेला घासून मंद झालंय! म्हणून कडेचं पाणी खाली उतरतंय आणि तळातून मधे येतंय. तेच ओढतंय पत्तीला!" अवघे पेल्यावर वाकले. मार्तंडरावांचे डोळे भरोन आले. इतकी वर्षे शिकविले, परंतु कोणी शिकताना त्यांनी पाहिले नव्हते. तोंड फळ्याकडून वळविलेच नव्हते. मग घंटा जाहली, ती कोणी ऐकिली नाही. मुख्यांनीही चमचा मागोन घेतला. प्राचार्यसाहेब विनवू लागले, "साहेब, जेवण गार होतंय." मुख्य म्हणाले, "थांबा हो, माझी पत्ती अजून फिरतेय."

विषय कायम राहिला. मग प्राचार्यसाहेबांनी फर्मान काढिले की, उत्तम अध्यापनाचे मर्म हाती लागले आहे, सबब सर्व प्रांतांनी चहा ढवळून शिकवावे. त्याप्रमाणे संस्कृतवाले ढवळू लागले, हिशेबवाले ढवळू लागले, आणि शिष्य पूर्ववत निजू लागले. मार्तंडरावांस पुसणे आले की, आपले वर्गास पत्ती किती लागेल? त्यांनी उलट निरोप धाडिला, "आम्हांला नको. आम्हांला आता दुसरंच एक कळेनासं झालं आहे."

सारांश, राज्यात चहा बहुत खपला आणि विषय एक तगला. जैसे घडले तैसे लिहिले, लेखनसीमा.