केशव, दहा दिवस उरले

छापलेला अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, असं मी चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात ठरवलं आणि तिथेच फसलो. आमच्या सरकारी खात्यातला कॉम्प्युटर रोज जिल्ह्यातल्या विहिरींची पाणीपातळी छापायचा. एकशे बारा पानं. पहिलं पान साहेब बघायचे, मधली रद्दीत जायची आणि शेवटचं कोणीच वाचत नसे. (प्रोग्राम मीच सांभाळत असल्यामुळे मी तर नाहीच नाही.)

त्या शेवटच्या पानावर, नरखेड तालुक्यातल्या विहिरींच्या खाली, इंग्रजी अक्षरांत एक मराठी ओळ होती. 'केशव, दहा दिवस उरले.'

केशव म्हणजे मी.

बाहेर शेहेचाळीस डिग्री ऊन. मशीनच्या खोलीत मात्र मशीनच्या तब्येतीसाठी एसी. त्या गारठ्यात मला दरदरून घाम फुटला. ऑपरेटर देवाजीने ती ओळ वाचली आणि डोक्यावरची टोपी काढली.

"केशवराव, मशीननं तुमचं नाव घेतलं गा. कोनाचं कदी घेत नाही थे."

"कोणीतरी मस्करी करून राहिलं."

"कोन करन? प्रोग्रामची कार्डं तर तुमच्याच कुलपात रायतात. माझ्या आधीचे ऑपरेटर नत्थूजी वारले ना, त्या सालीबी या प्रिंटरची रिबन तुटली होती."

दुसऱ्या दिवशी नऊ उरले.

आता आमचा प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेली दोन हजार कार्डं. एका कार्डावर एक ओळ. दहा वर्षांत पाच-सहा जणांचे हात त्यावरून फिरलेले, कोणी कुठे काय घुसडलं याची नोंद नाही, वरची शाई उडालेली. नुसती भोकं वाचायची. ज्या गाढवाने हे लिहिलं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी तीन संशयास्पद कार्डं उपसली. त्या दिवशी काटोल तालुक्यातल्या यच्चयावत विहिरींचं पाणी जमिनीच्या आठ फूट वर गेलं. खाली तीच ओळ, एका दिवसाने कमी! मी मुकाट्याने कार्डं परत घातली. चालत्या प्रोग्रामला हात लावू नये हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे.

दुपारी जेवायला मी सायकलने महाल वस्तीतल्या घरी जात असे. उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. बंद दुकानांच्या फळ्यांवरून माझ्याच सायकलची कटकट परत यायची, अगदी प्रिंटरसारखी. एकदा ती माझ्या सायकलपेक्षा थोडी मागे राहिली असं वाटून मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

तीन उरले त्या दुपारी मला राहवेना. मरणाची बातमी बायकोला अंधारात ठेवून कशी पचवायची? जेवता जेवता मी हात थांबवला.

"प्रेमिला, आता तीनच दिवस राहिले वं."

तिचा चेहरा फुलला. इतक्या वर्षांत मी तो असा फुललेला पाहिला नव्हता.

"म्हंजे तुमच्या ध्यानात आहे! मी म्हटलं, तुमी विसरलेच."

"तुले... तुले ठाऊक होतं?"

"मी तर दिवस मोजून राहिली!"

ती उठून माळ्यावरची ट्रंक काढू लागली.

"ट्रंक काहून?"

"रिकाम्या हातानं जाता का?"

"पण जायचं तर मला एकट्यालाच ना?"

"वा! अन् मले इथं ठेवता? मीबी येतो तुमच्यासंगं."

माझे डोळे भरून आले. एवढं प्रेम! (आणि मी तिला वांग्याच्या भाजीवरून बोलायचो.) "तुझं वय आहे का वं जायचं?" मी कसंबसं म्हणालो.

"वय निघून चाललं, म्हनूनच तं!" ती म्हणाली आणि गुणगुणत ट्रंक पुसू लागली.

शेवटच्या दिवशी ऑफिसात गेलो. प्रिंटर खडखडला, विहिरी संपल्या, आणि शेवटी दोनच शब्द उमटले. 'केशव, आज.'

देवाजीने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "केशवराव, कपाटाची किल्ली तेवढी देऊन जा."

मी घरी आलो. दार उघडंच होतं. प्रेमिला नवं लुगडं नेसून, कुंकू लावून ट्रंकेवर बसली होती.

"चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"आता कुठं म्हनता? पचमढीले! लग्नाले दहा वर्सं झाली ना आज!"

मग सगळं आठवलं. लग्नाच्या पहिल्या महिन्यात तिने फिरायला न्या म्हणून हट्ट धरला होता. मी ऐटीत म्हणालो होतो, "दहा वर्षांनी पचमढी. मी विसरेन, पण मशीन विसरणार नाही." आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन, नवा नवा प्रोग्रामर, त्या विहिरींच्या प्रोग्राममध्ये दहा दिवस आधीपासून आठवण करून देणारी कार्डं घुसडली होती. ते गाढव मीच होतो.

ती दहा वर्षं तारीख धरून बसली होती आणि मी मशीनच्या भरवशावर तिला विसरून गेलो होतो, याची मला फार लाज वाटली. पण जिवंत असल्याचा आनंद त्याहून मोठा होता. तासाभरात रजेचा अर्ज खरडून आम्ही छिंदवाड्याच्या बसमध्ये बसलो. खिडकी तिला दिली.

सावनेर गेलं तशी तिने पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला.

"तुमच्या उशीखाली होता. काय हाय हे?"

आदल्या दिवशी मी लिहून ठेवलेली निरवानिरव होती ती. मग मला सगळंच सांगावं लागलं, देवाजीच्या टोपीपासून. ती हसली नाही. तिने कागद उलगडून वाचला, पाठपोट. विहिरींच्या कार्डांना ओल लागू देऊ नये. सायकलचं पुढचं चाक बघून घ्यावं. कूलरच्या पंपाला रोज पाणी आहे का ते पाहावं. पंप गंजू देऊ नये. पंप ऑगस्टमध्ये काढून ठेवावा.

"तुमी मरून राहिले होते," ती हळूच म्हणाली, "अन् पंपाचं नाव तीन डाव आलं. माझं कुठं हाय?"

"ते... ते गृहीतच धरलंय गं."

तिने कागदाची नीट चौघडी केली, खिडकीकडे तोंड केलं आणि थेट छिंदवाड्यापर्यंत माझ्या अखेरच्या इच्छेने स्वतःला वारा घालत बसली. माझ्या बाजूला एकही झुळूक आली नाही.